कागदाची भिंत
चूक माझी होती आणि ती कागदावरच सुधारता आली असती. ओल्या सिमेंटचा वास आला की बदलापूरचं आमचं नवं, रिकामं घर आठवतं. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याकडे मी मोठं कपाट सांगून आलो होतो, आणि ते बसावं म्हणून बाथरूमची भिंत थोडी आत घ्यायची होती. अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, एकच मागणं होतं, आंघोळीला कुणी उचलून नेऊ नये. म्हणून गवंडी यायच्या आधी मी फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून भिंत आखली आणि त्यांना व्हीलचेअरवरून आत नेऊन पाहिलं. वळताना चाक कागदावर चढलं. मी हळूच पायाने कागद सरकवला. "बघा, वळली की!" अण्णा हसले, "अरे, भिंत पळवतोस होय?" बायको म्हणाली, "अहो, विटा अशा सरकणारेत का?" मी म्हटलं, "तुम्ही दोघं उगाच घाबरता." भिंत झाली आणि खुर्ची आत वळेना. मी अण्णांना रोज उचलायचो, ते डोळे मिटून घ्यायचे. हट्टाने भिंत तशीच ठेवली. शेवटी पाडली, तोवर त्यांना खुर्चीत बसवतही नव्हतं. एका सकाळी पलंगावरच त्यांचं अंग पुसताना मी म्हणालो, "अण्णा, तो कागद मी मुद्दाम सरकवला होता. कपाटासाठी. मला माफ करा."