संथेत शंका नाही

परीक्षेला चाळीस दिवस उरले होते आणि मी सुट्टी घेऊन, पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेत राहिलेल्या आमच्या दुर्गाघाटच्या घरी आले होते. फौजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्यावर मी पहाडातल्या एका यूनिटमध्ये जवानांचे पाय, दात आणि खोकले तपासत होते. मला मेडिसिनमध्ये एमडी करायचं होतं. फौजेतल्या डॉक्टरांसाठी त्याच्या जागा मोजक्याच, भांडणारे आम्हीच एकमेकांशी. दोनदा मी आपटले होते. नोकरीच्या नियमात बसणारी ही माझी शेवटची खेप होती.

शेवटची, हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते देव पाण्यात घालून बसले असते, आणि आमच्या घरात हे नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. आई गेल्यापासून त्यांचे उपास-तापास तसेच वाढले आहेत.

पहिल्या आठवड्यात माझं डोकंच चालेना. सकाळी वाचलेलं दुपारी साफ. एकदा मी रागाने पुस्तक भिंतीवर फेकलं. बाबांनी ते उचललं, धूळ झटकली, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "असं याद होत नसतं बेटा. संथा घे."

बाबा घनपाठी. जन्म वेद शिकवण्यात गेला. त्यांची रीत सोपी आहे आणि भयंकर आहे. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. पुस्तक शिष्याच्या हातात नाही. चुकलं की पान पहिल्यापासून. मी आधी हसले, पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांना इंग्रजी भराभर वाचता येत नाही म्हणून मी रुक्ष पाठांतराचे सगळे तक्ते देवनागरीत एका जाड वहीत उतरवून दिले. दोन दिवस हात दुखेपर्यंत लिहीत होते.

मग रोज सकाळी त्यांचे विद्यार्थी गेले की त्याच चटईवर मी. विषांचे उतारे, जीवनसत्त्वं, गुणसूत्रं. अर्थ काडीचा कळत नसताना बाबा ते स्वच्छ, ठाम म्हणत आणि मी मागून दोनदा. खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. जे दोन वर्षं डोक्यात थांबत नव्हतं ते आठ दिवसांत ठाण मांडून बसलं. मला पहिल्यांदा वाटलं की यंदा होईल.

परीक्षेच्या तीन दिवस आधीची गोष्ट. लसीका-ग्रंथींच्या कर्करोगांचं पान चाललं होतं, कुठल्या कर्करोगात गुणसूत्रांच्या कुठल्या जोडीची अदलाबदल होते त्याचं. बाबा म्हणाले, "आठ-चौदा बर्किट. अकरा-चौदा फॉलिक्युलर. चौदा-अठरा मँटल." मी अडखळले.

"बाबा, शेवटचे दोन उलटे वाटतात."

त्यांनी मांडीवर बोट आपटलं. "वहीत हेच आहे. संथेत शंका नाही. शंका नंतर."

लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले आहे. पाठ होईपर्यंत तोंड चालवायचं, विचारायचं ते उठल्यावर. मी दोनदा म्हटलं, मग अकरा वेळा म्हटलं. उठल्यावर दूधवाला आला, मग एका सराव परीक्षेची वेळ झाली, आणि शंका राहून गेली.

परीक्षेत तो प्रश्न आला. अकरा-चौदा कशात? बाबांचा आवाज कानात आला आणि मी फॉलिक्युलरवर टिचकी मारली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. सबंध पेपरात त्या एका उत्तरावर मी सगळ्यात खूश होते.

संध्याकाळी घरी येऊन पुस्तक उघडलं. पुस्तकात ते मँटल होतं. वहीत उतरवताना माझी नजर एक ओळ खाली घसरली होती. अक्षर माझं, चूक माझी, आणि तरी मला राग आला तो बाबांचा. त्या बोट आपटण्याचा. मी वही ट्रंकेत तळाशी टाकली आणि कोणाला काही बोलले नाही.

जागा वाटल्या गेल्या तेव्हा मी चार दिवसांची रजा काढून घरी आले होते, पहाडात नेटवर्क नसतं म्हणून. मेडिसिनची शेवटची जागा माझ्याहून एकच नंबर वर असलेल्याला गेली. एका प्रश्नाने फरक पडला असता का, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मी मात्र दिवसभर तेच सिद्ध करत होते. आता नोकरीची मुदत संपेपर्यंत पाय, दात, खोकले.

गच्चीवर, माकडं येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीत उभी राहून मी कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. "एक नंबर से रह गई," मी म्हटलं. "वो ग्यारह-चौदा वाला सवाल था ना. नोटबुक में ही उल्टा लिखा था. वही रटा, वही टिक किया."

वळले तर बाबा ओलं धोतर हातात घेऊन उभे होते.

"अकरा-चौदा फॉलिक्युलर," ते म्हणाले. "हे गलत होतं?"

"जाऊ द्या बाबा."

"तू शंका काढली होतीस. मी थांबवलं."

मला हवं होतं की त्यांनी हे विसरावं. पण ते काहीच विसरत नाहीत, तोच त्यांचा धंदा. ते खाली गेले. मी उतरले तेव्हा ते चटईवर बसले होते, पण त्यांच्या जागी नाही, माझ्या जागी.

"बरोबर काय आहे? दे संथा."

"आता काय उपयोग आहे त्याचा?"

"चुकीचा पाठ तोंडात ठेवायचा नसतो. दे."

मी त्यांच्या जागी बसले. "आठ-चौदा बर्किट. अकरा-चौदा मँटल. चौदा-अठरा फॉलिक्युलर."

त्यांनी डोळे मिटून म्हटलं, आणि अकरा-चौदाला जीभ जुन्याच वाटेने गेली. आयुष्यात मी त्यांना चुकताना ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःच हात वर केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा चुकले. पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बस करा, आणि मी चुकीला नकार देत मान हलवत राहिले, ते माझ्यासाठी हलवतात तशीच.

सातव्या खेपेला त्यांनी दोन्ही वेळा बरोबर म्हटलं. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आता पक्कं झालं," ते म्हणाले. "पुढच्या साली ही चूक नाही होणार."

"नाही होणार," मी म्हटलं.