दत्तोबाचं अरुंद हँडल

कर्र, कर्र, कर्र. करवतीनं सायकलचं हँडल कापल्याचा हा आवाज. खूप वर्षं झाली, अजून कानात आहे. चांगलं नवंकोरं हँडल कापा म्हणणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

तसे सायकल दुकानात किस्से साठतातच. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक बसून राहतं, आणि बसलेलं गिऱ्हाईक बोलतं. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडं जास्तच साठले. पण दत्तोबाचे मला अजून नीट कळलेले नाहीत.

*

दत्तोबा जत्रेत सायकलीचे खेळ करायचा. मैदानात गोल आखून चार-चार दिवस खाली न उतरता फिरायचा. त्याच्या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच.

एकदा आमचे मालक, बापू, हौसेनं ती घेऊन निघाले. उतारावर पाय थांबवायला गेले, तर पाय थांबेनात. थेट समोरच्या रसवंतीत शिरले. बाकड्याखालनं म्हणाले, "आता आलोयच, तर एक ग्लास दे."

*

खेळ चालू असताना दत्तोबाची बायको, शेवंतावहिनी, शेजारनं पळत त्याला भाकरी भरवायच्या. कागलात खेळ संपला, लोकांनी दत्तोबाला हार घातला. वहिनी दगडावर बसून पाय चोळत होत्या.

"मी बी तेवढंच फिरलो की," म्हणाल्या. "बिनसायकलीचं."

मी हसलो. दत्तोबा हसला नाही.

*

पुढं त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली. कुरुंदवाडच्या जत्रेची सुपारी मात्र आधीच घेतलेली. आणि हा लंगडत दुकानात आला तो म्हणतोय, हँडल उंच पाहिजे, आणि अरुंद.

बापू म्हणाले, "दोन म्हशींच्या मधनं घुसायचंय काय रं?"

"न्हाय."

"मग?"

"कापा की मालक."

उंच हँडल काढलं, दोन्हीकडनं कापलं. त्यानं धरून बघितलं. "अजून थोडं." पुन्हा कापलं. आता त्याची कोपरं पोटात खुपसायला लागली.

"तुला हे बसंना," मी म्हणालो.

"मला कुठं बसवायचंय?" म्हणाला, आणि लंगडत निघून गेला. मी गोंधळलो ते तिथनं.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतनं बायकी झंपर काढला. "याच्या खांद्याएवढं पायजे."

बापू माझ्याकडं बघायला लागले, मी झंपराकडं. शेजारचे सलीम टेलर उठून आले. आपलं गिऱ्हाईक चुकून इकडं शिरलं, असं त्यांना वाटलं. शेवटी टेप त्यांनीच लावली. "बाह्या किती ठेवायच्या?" म्हणाले.

मला तेव्हा कुठं उजेड पडला. मी हळूच विचारलं, "उंच कशाला?"

"वाकायची सवय न्हाय तिला."

"वहिनींना विचारलंस?"

"हँडल झाल्यावर विचारतो."

"न्हाय म्हणाल्या तर?"

"तर सायकल मोडीत. दुसरं काय."

झंपर खिळ्याला अडकवला आणि बापूंनी करवत घेतली.

*

संध्याकाळी वहिनी आल्या. दत्तोबानं सायकल त्यांच्यापुढं उभी केली. "धरून बघ."

त्यांनी पदर खोचला, हँडल धरलं. खांदे आणि मुठी अगदी सरळ रेषेत, पाठ ताठ. सलीम टेलर मागनं "फिटिंग बराबर" म्हणाले.

वहिनींनी दत्तोबाच्या गुडघ्याकडं बघितलं. मग त्यांना भिंतीवर, ट्यूबांच्या शेजारी लटकलेला आपला झंपर दिसला. बापू एकदम हवा भरायच्या पंपाकडं वळले. टायर नसताना.

"कुरुंदवाडला लोक वाट बघतील," दत्तोबा म्हणाला. "काय सांगू त्यास्नी?"

वहिनींनी झंपर काढून काखेत मारला. दोन्ही हातांनी ते अरुंद हँडल धरलं, आणि सायकल ढकलत रस्त्यानं निघून गेल्या. कोपऱ्यावरनं घराकडं नाही, मैदानाकडं वळल्या. सायकलीची रिकामी पायडलं आपोआप फिरत होती.