शाडूचे बैल

आज वर्गातलं बेसिन पुन्हा शाडूनं तुंबलं. गाळ उपसताना त्या ओल्या वासानं सईचे वडील आठवले.

आमच्या शाळेत दिवसाचं काम मुलंच ठरवतात. ते आले त्या दिवशी सईनं बैल करायचं ठरवलं होतं. "मॅडम, पोरगी नुस्ती चिखलात खेळती. लिहाय-वाचायचं कधी?" असं म्हणत भांडायला बिडकीनहून आलेले वडील तिच्याशेजारी मांडी घालून बसले, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बैलांना शिंगं लावत राहिले. मला वाटलं, जिंकले मी.

मग याच बेसिनवर हात धुताना ते म्हणाले, "लई मजा आली, मॅडम. आता दाखला द्या."

तेव्हा फार राग आला होता. आता तेवढंही त्राण नाही. तोंडभर कौतुक करून मुलं दुसरीकडं घालणारे पालक पुष्कळ पाहिले. चिखलात हात घालून गेलेले ते एकटेच.