गोळ्या आणून देणाऱ्याची बायको

कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या बाईला माणसांबद्दल फारसा आदर उरत नाही. लाँड्रीच्या पुढच्या काउंटरवर माणसं कडक इस्त्रीत येतात, गोड बोलतात, आणि मागच्या खोलीत त्यांच्या कॉलरी, काखा आणि उशांचे अभ्रे तिच्या टेबलावर येऊन पडतात. कोण जेवताना सांडतो, कोण पिऊन ओकतो, कोण आपली घाण दुसऱ्यावर ढकलून मोकळा होतो, हे तिला चेहरा न बघता कळायचं. लाँड्रीत सगळे तिला डागवाली म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. नाकाला रुमाल बांधणं तिला परवडत नव्हतं, कारण डाग कशाचा आहे हे अर्धं नाकालाच समजतं.

लोकांच्या घरची घाण अशी तिला तोंडपाठ. स्वतःच्या घरातली मात्र फार उशिरा दिसली.

नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. हसतमुख, कुणाच्याही हाकेला धावणारा, मुलींच्या वेण्यासुद्धा घालून देणारा. इमारतीतल्या बायका त्याचे गुण गाताना थकत नसत. त्यातही एका गोष्टीचं त्यांना भारी कौतुक होतं. पंपवाला बायकोच्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या स्वतः आणायचा. औषधाच्या दुकानात चार लोकांसमोर न लाजता पाकीट मागायचा, आणि जिन्यात कुणी भेटलं तर खिशातून डोकावणारं ते पाकीट झाकायचाही नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं नाव झालं होतं. गिळायच्या तिला होत्या, पण त्याबद्दल कुणी तिची पाठ थोपटली नाही.

गोळ्या सुरू झाल्या त्या धाकटीच्या जन्मानंतर. त्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं की पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय पाळी आली की उभं राहवत नसे. गोळ्यांनी ते सगळं आवरलं हे ती कधी नाकारत नसे. पाळी वेळेवर येऊ लागली, रक्तस्राव कमी झाला, कळा थांबल्या, गालांवर रंग आला, आणि दर महिन्याला पोटात भीतीचा गोळा उठायचा तो गेला. त्याची किंमतही तिनं मोजली होती. सुरुवातीला सकाळी उठल्यापासून मळमळायचं, छाती दुखायची, मध्येच रक्ताचे थेंब दिसायचे. समोर कुणाच्या तरी ओकारीनं माखलेला कोट आणि आत स्वतःचं पोट ढवळतंय, तेव्हा नक्की कशानं उमळतंय हेही समजायचं नाही. एखादी गोळी विसरली की पाळी येईपर्यंत जिवाला घोर. सासूबाई अधूनमधून म्हणत की या गोळ्यांनी बाईचं आतडं सुकतं. ती त्यांचं बोलणं कानाआड करी, कारण दोन मुलींमागे तिसऱ्यासाठी कोण झुरतंय हे तिला ठाऊक होतं.

चाळिशी जवळ आली आणि एका दुपारी लाँड्रीत भलतंच झालं. पांढऱ्या लोकरीच्या कोटाच्या कॉलरवर तिला डाग दिसला. अर्धवट गोल, कडेला करवतीसारखे दाते, आणि चकाकणारा. असला डाग तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं त्यावर औषध सोडलं तर डाग बाजूला सरकला. ब्रश मारला तर आणखी सरकला आणि मोठा झाला. ती इरेला पेटली. हा कसा ऐकत नाही ते बघते, असं म्हणत तिनं वाफ धरली, पुन्हा ब्रश चालवला आणि लोकर विरून बोट आरपार जाईपर्यंत घासत राहिली. मालक धावत आले. डाग कुठे आहे, त्यांनी विचारलं. तिनं मान वर केली तर तोच डाग मालकांच्या कपाळावर लकाकत होता. मग तो विरला आणि डोक्याच्या एका बाजूला असे घण पडू लागले की ती कपड्यांच्या ढिगाऱ्यावरच आडवी झाली.

डोळ्यांचा नंबर वाढला असेल, असं घरी सगळ्यांचं मत पडलं. पण तसंच पुन्हा दोनदा झालं, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आधी रक्तदाब बघितला. मग डाग दिसायच्या आधी काय होतं, नंतर किती वेळ डोकं दुखतं, हात बधिर होतो का, घरात कुणाला अर्धांगाचा झटका आला होता का, असं एकेक करून विचारलं. शेवटी विचारलं, रोज काही औषध घेता का. तेव्हा नवऱ्यानंच मोठ्या ऐटीत सांगितलं की गोळ्या मी आणतो, एकदाही खंड पडू दिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या समजावून बोलल्या, दोघांकडे बघून बोलल्या. या गोळीत दोन औषधं एकत्र असतात. बऱ्याच बायकांना ती निर्धोक असते, हिलाही इतकी वर्षं गुण आलाच. पण डोकेदुखीआधी असे दाते आणि चकाकी दिसणाऱ्या बाईला ती चालत नाही. अशीच चालू ठेवली तर मेंदूत रक्ताची गुठळी अडकायचा धोका वाढतो. रोज कुणाला होतं असं नाही, पण झालं तर तोंड वाकडं होतं, हात पडतो, वाचा जाते. म्हणून ही गोळी आजपासून बंद.

मग पुढचं. गर्भाशयात तांबी बसवता येईल, पण हिला आधीच रक्तस्राव जास्त, तो आणखी वाढेल. एकाच औषधाची वेगळी गोळी असते, तिच्यात हा धोका नाही, मात्र रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते आणि सुरुवातीला पाळीचा ताळमेळ राहत नाही. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे यांची नसबंदी. थोड्या वेळाचं काम, चालत यायचं, चालत जायचं. ताकद कमी होत नाही, की पुरुषपणाला धक्का लागत नाही. फक्त नंतर तपासणी होईपर्यंत इतर काळजी घ्यायची.

"करू की," पंपवाला छाती काढून म्हणाला. "त्यात काय एवढं."

तिला भरून आलं. गोळ्या गिळायचा तिला कंटाळा आला होता आणि आता एकदा तरी त्याची पाळी असावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

घोड्यानं पेंड खाल्ली ती घरी आल्यावर. आधी त्याला जड पंप उचलायचे होते. मग त्याच्या ओळखीच्या कुणाची तरी त्या ऑपरेशननंतर कंबर धरली होती. मग त्याच्या स्वतःच्याच ओटीपोटात दुखू लागलं, अजून काही केलेलं नसताना. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कमावत्या माणसाच्या अंगाला सुरी लावायची म्हणजे काय, त्याला काही झालं तर घर कोण चालवणार. नणंदेनं फोनवर सुनावलं की बाईनं थोडं सोसावं. तिनं मळमळत्या पोटी लोकांची ओकारी धुतली तेव्हा यातल्या एकाच्याही पोटात तुटलं नव्हतं. आता एका पुरुषाच्या अंगावर टाका पडायच्या नुसत्या बोलण्यानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिला त्या सगळ्यांचीच शिसारी आली. तरी नवऱ्याबद्दल मनात एक कोपरा मऊ होता. माणूस घाबरतो, असं ती स्वतःला समजावत होती.

आणि मग एका संध्याकाळी तो नेहमीसारखा हसत घरात आला आणि तिच्या पुढ्यात पाकीट ठेवलं. गोळ्यांचं. वरचा रंग वेगळा होता.

"ही दुसऱ्या कंपनीची आहे," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला, हलकी असते."

तिनं पाकीट उजेडात धरून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. औषधं दोनच होती, तीच. एकाचं माप तेवढं कमी होतं. तिनं तसं त्याला सांगितलं. त्याला वाटलं ती कुरकुर करतेय. तो शेजारी बसला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लाडीगोडीच्या सुरात बोलला.

"अगं, डॉक्टर घाबरवायलाच बसलेले असतात. एक महिना घेऊन तर बघ. काही झालंच तर बंद करू."

काही झालंच तर. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता, रागावलाही नव्हता. प्रेमानं सांगत होता. तिच्या अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. तो हात तिला पाठीवर सहन होईना, आणि इतक्या वर्षांत कसल्याही कपड्यानं झालं नव्हतं ते तेव्हा झालं, ती उठून मोरीत जाऊन ओकली. बाहेरून तो काळजीनं विचारत होता की पाणी देऊ का.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि एका औषधाची गोळी घेऊन आली. घरी स्पष्ट सांगितलं की माझं मी बघितलं आहे, आता कुणी काही आणायचं नाही. आपलं अंथरूण तिनं मुलींच्या खोलीत टाकलं. चकाकणारे दाते हळूहळू विरळ झाले. पाळी वेडीवाकडी येत राहिली, तेही तिनं रेटलं. नवरा गोंधळून गेला. गोळी तर चालू आहे, मग आता अडचण काय, असं त्यानं दोन-तीनदा विचारलं. त्याला ते शब्दांत सांगायचं म्हणजे पुन्हा त्याच्याजवळ बसायला हवं होतं आणि तेवढं तिला नको होतं.

कित्येक महिने असे गेले. शेवटी त्याला ते एकटं निजणं झेपेना, की इमारतीत कुजबुज झाली ती टोचली, कोण जाणे. एका सकाळी तो कुणाला न सांगता गेला आणि नसबंदी करून आला. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. बायका फळं घेऊन आल्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं एकीनं तिच्या दंडाला चिमटा काढून सांगितलं. सासूबाईसुद्धा लेकाच्या धीराचं कौतुक सांगत बसल्या. तो उशीला टेकून प्रत्येकीला तपशील ऐकवत होता.

सगळ्या गेल्यावर तिनं त्याला पाण्याचा पेला नेऊन दिला. तो घटाघट प्यायला आणि लहान मुलासारखा खुशीत तिच्याकडे बघून हसला.

"उगाच घाबरलो होतो बघ मी," तो म्हणाला. "काहीच नसतं गं त्यात. सुई टोचली तेवढंच. नंतर मी तिथे चहा प्यायलो आणि चालत घरी आलो."

"काहीच नसतं?"

"अजिबात काही नसतं."

तिनं रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला, पण बोटाला बोट लागू दिलं नाही.

"या काहीच नसण्यापायी तुम्ही माझं तोंड वाकडं व्हायला तयार होता," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. सगळं ऐकलं होतं तुम्ही."

तो काहीतरी बोलायला लागला होता. ती पेला विसळायला आत गेली आणि नळ मोठा सोडला.