पंख्याखालची कातडी

आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस शिंदेबाई उंदराच्या कातडीच्या पट्ट्या मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्यात गुंडाळतात, ते इतक्या मायेने की गजरेवालीने पाहत राहावं. मी पाहतो, तेव्हा मला माझा पराक्रम आठवतो.

नव्या मलमाने भरलेली जखम किती चिवट होते, हे आम्ही कातडी यंत्रावर ताणून पाहत होतो. मलम लावलेल्या कातडीच्या पट्ट्या पंख्याखाली उघड्या टाकून मी चहाला गेलो. परतल्यावर ताणल्या, तर आकडे असे चढले की मी लगेच अहवाल लिहायला बसलो.

बाईंनी एक पट्टी नखाने वाजवली. "सर, कुरडई झालीय हिची! मलमाला कसली शाबासकी देताय? पंख्याला द्या."

ताठ दिसणारं सगळंच बळकट नसतं, काही नुसतं वाळलेलं असतं. त्यात मीही आलो.

दुसऱ्या दिवशी ओल्या पट्ट्या ताणल्या. मलम अगदीच सुमार निघालं. ते कुणाच्या जखमेपर्यंत पोचलं नाही, म्हणून त्या अनोळखी माणसाच्या वतीने मी बाईंना नमस्कार केला. मनातल्या मनात; उघड केला असता, तर त्यांनी आठवडाभर पिडलं असतं.