धोंड्याच्या वाणात गोल्फचं मैदान

आमच्या घराण्यात आजवर कुणीही गोल्फ खेळलेलं नाही. तरी गोल्फचं मैदान कोणतं निवडावं यावरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं.

झालं असं, की यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा! जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि सोबत एखादी चांगली वस्तू. मागच्या धोंड्याला आम्ही प्रसादरावांना चांदीचं ताट दिलं होतं. चांगलं वजनदार! त्यांच्या आईनं ते चार पाहुण्यांसमोर उलटं करून बघितलं, तर मागं कोरलेलं, ‘गुरुजींना सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट’. (शाळेनं मला दिलेलं ताट आणि जावयासाठी आणलेलं ताट कपाटात शेजारी शेजारी होती. उचललं हिनं, आणि नाव गेलं माझं!)

तेव्हापासून हिचा एकच घोष होता. "या खेपेला जावई म्हणतील ते द्यायचं. आन कोरं द्यायचं. पुन्हा शोभा नको."

म्हणून मी फोन लावला. प्रसादराव मूळ नांदेडचे, पण आता हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत. आधी नको नको म्हणाले, मग हळूच बोलले.

"मामा, वस्तू नको. वर्षभर झालं, गोल्फ शिकून राहिलो. एक दिवस चांगल्या मैदानावर खेळायला मिळालं तर लई झालं. इथं दोन हायत. एक शंभर वर्षांच्या वरचं, ऐतिहासिक. दुसरं नवं, लई नावाजलेलं. पैसे भरले की बाहेरच्याला दिवसभर खेळू देतात. कोणतं ते तुम्हीच ठरवा."

‘तुम्हीच ठरवा’! चाळीस वर्षं मी पोरांची परीक्षा घेतली, त्याचा सूड असा उगवला गेला.

तेवढ्यात माझा मेव्हणा विठ्ठल अर्धापूरहून केळीचा घड घेऊन आला. तो आला की घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असतं, आणि ते माझ्या विरुद्ध असतं.

"दाजी, यात इचार करण्यासारखं काय हाय? नवं घ्या!"

"अरे, घ्यायचं नाही, एक दिवस खेळायचंय. आणि धोंड्याच्या महिन्यात जुन्या जागेचं महत्त्व जास्त. तू माहूरला जातोस ते काय देऊळ नवं आहे म्हणून?"

"माहूरला देवी हाय. तिथं काय हाय? भोकं!"

"अठरा भोकं आहेत," मी माहिती पुरवली.

आतून ही आली आणि एका वाक्यात निकाल दिला. "वाण कधी जुनं देतात का? शंभर वरसं लोकांनी तुडवलेलं मैदान जावयाला? विहीणबाई उलटं करून बघतील!"

मैदान उलटं कसं करणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अखेर ठरलं, की मी आणि विठ्ठलनं हैदराबादला जाऊन दोन्ही बघून यायचं. मुलगी बघतात तसं. शेत बघतात तसं.

पहिल्यांदा जुनं मैदान. चिंचा, कडुनिंब, दाट सावली. उन्हानं गवत पिवळं पडलेलं, फक्त भोकांभोवती हिरवी वर्तुळं. तिथल्या माळ्यानं सांगितलं, "गर्मी में बस उतनाच पानी डालते." मला ते मैदान बघताक्षणी आवडलं! आमच्या रेणापूरच्या रानासारखं वाटलं. विठ्ठलनं मात्र वाकून माती चिमटीत घेतली, बोटानं चोळली आणि तोंड वाकडं केलं.

"मुरमाड हाय. केळी येणार न्हाई."

आम्ही आत चौकशीला गेलो, तर टाय घातलेल्या एका गृहस्थानं मला दारातच थांबवलं. "कॉलर?"

मी नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी, असा माझ्या आयुष्यभराच्या पोशाखात होतो. नेहरू शर्टाला कॉलर नसते, हा माझा गुन्हा! मी म्हणालो, "साहेब, मला खेळायचं नाही, नुसतं विचारायचंय." तर म्हणे विचारायलाही कॉलर लागते. माझ्या आजोबांनी निजामाचं राज्य पाहिलं. निजाम गेला, पण कॉलर मागं ठेवून गेला! मी तिथंच पायरीवर उभा राहून स्वातंत्र्य, समता आणि खादी यांवर दहा मिनिटं बोललो. ऐकणारा एकच होता, विठ्ठल, आणि तो हसत होता.

नव्या मैदानावर कुणी कॉलर विचारली नाही. दारातच थंड सरबत. आत मात्र माझं डोकं फिरलं. तळी! एक नाही, चार! जिकडं बघावं तिकडं फवारे फिरून राहिलेले, आणि गवत असं हिरवं की डोळे दुखावेत.

"हे गवत गुरांना घालता का?" मी तिथल्या माळ्याला विचारलं.

"नहीं चाचा."

"कापून विकता?"

"नहीं."

मग पाणी कशाला? भर उन्हाळ्यात? आम्ही लातूरकर! आमच्याकडं प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं. आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही नळाची तोटी उघडीच ठेवतो, खाली रिकामी बादली ठेवतो, आणि कान तिकडं लावून जगतो. बादली वाजली की हातातलं सगळं टाकून धावायचं. असल्या माणसानं हे बघायचं?

घरी येऊन मी माझं मत दिलं. अपमान झाला तरी चालेल, पण जुनंच. हिनं मत दिलं, नवंच. विठ्ठलनं मत दिलं, नवंच. (त्याला मतदानाचा हक्क कुणी दिला, हे मला आजतागायत समजलेलं नाही.) मी विठ्ठलशी बोलणं बंद केलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की नव्या मैदानाचे पैसे भरून झाले तरी मला कुणी सांगितलं नाही.

अधिक महिना संपायच्या अगदी शेवटच्या दिवसाचं खेळणं ठरलं. म्हणजे आता चूक झाली तर पुढचा धोंडा तीन वर्षांनी! आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं लेकीकडं निघालो. कुलूप लावताना हिनं विचारलं, "नळ बघितला का?"

"बघितला," मी म्हणालो. बघितला होताच. कोरडा होता.

सकाळी मैदानावर हिनं आधी वाण दिलं. प्रसादराव टोपी, हातमोजा, काठी अशा थाटात उभे, आणि ही त्यांना कुंकू लावून ओवाळून राहिली! मागं दोन साहेब आपली पाळी येण्याची वाट बघत होते. हिनं त्यांच्याही हातावर एकेक अनारसा ठेवला. जावई खुश, लेक खुश, आणि विठ्ठल तर ते मैदान त्यानंच पेरल्यासारखा छाती काढून फिरत होता.

प्रसादरावांनी तीन भोकं पार केली. चौथ्यापाशी आलो आणि मी थबकलो. एक फवारा गवत सोडून सिमेंटच्या रस्त्यावर पाणी टाकत होता. रस्त्यावर! कोण उगवणार होतं तिथं? मी इकडं तिकडं बघितलं. कुणालाही त्याचं काही नव्हतं. जवळच लोखंडी झाकण होतं. झाकण उचललं, आत पाण्याचा वॉल. माझा हात आपोआप गेला. लातूरच्या माणसाचा हात चालत्या पाण्याकडं असाच जातो, त्यात डोक्याला विचारायची पद्धत नाही. मी चाक जोर लावून गच्च बंद केलं.

फवारा थांबला. मला फार बरं वाटलं, साधारण दहा सेकंद.

मग जमिनीखाली धप्पकन आवाज झाला, आणि चौथ्या भोकाच्या शेजारून ताडासारखा उंच पाण्याचा लोट उडाला! पाइप फुटला होता. प्रसादराव नेमके तिथं वाकून चेंडूला नेम धरत होते. ते पाठीवर पडले, चेंडू वाहत तळ्यात गेला.

"दाजी, काय करून राहिले तुम्ही?" विठ्ठल ओरडला. पंधरा दिवसांनी आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

मॅनेजर पळत आला. हैदराबादी माणूस, उंच, रागानं लाल. "चाचा, वॉल को हात कायकू लगाए? खेल बंद! सब बाहर!"

जावयाचं वाण चौथ्या भोकात बुडालं होतं. हिनं डोळ्याला पदर लावला. मग मात्र माझं डोकं सटकलं. मी टोपी नीट केली आणि वर्गात उभा राहायचो तसा उभा राहिलो. पाण्याची रेल्वे सांगितली. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बाया सांगितल्या. हंडाभर पाण्यात पाच माणसांची अंघोळ कशी उरकते ते सांगितलं. "आणि तुम्ही सिमेंटला पाणी घालता?" मी गरजलो. "पाण्याचा एकेक थेंब आम्ही जिवासारखा जपतो!"

मॅनेजर हळूहळू मऊ झाला. म्हणाला, "हमकू मालूम नै था, चाचा. पाइप जोड देते. दामाद साब दोपहर में खेल लेंगे." जावई चिंब अवस्थेत माझ्याकडं आदरानं बघत होते. विठ्ठलनंसुद्धा मान डोलवली! माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारचे शेषराव. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा फोन स्पीकरवरच असतो.

"गुरुजी, कुठं हाव तुम्ही? पहाटंपासून नळाला पाणी सुटलंय! तुमची तोटी उघडी, दाराला कुलूप. बादली भरली, आंगण भरलं, आता रस्त्यावर तळं झालंय. लोकं लई शिव्या देऊन राहिलेत!"

चौथ्या भोकापाशी पाणी अजून खळाळत होतं.

मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "चाचा, आपका वॉल किदर है?"

शेषरावांनी भिंतीवरून उडी मारून आमची तोटी बंद केली. प्रसादरावांनी दुपारी उरलेली पंधरा भोकं खेळली, अमावस्या संपायच्या आत वाण पूर्ण झालं. मी तेवढा वेळ गेटबाहेर रसवंतीवर बसलो होतो. मॅनेजरचीच तशी विनंती होती.

परवा प्रसादरावांचा फोन आला. म्हणाले, मैदानावरच्या प्रत्येक वॉलच्या झाकणाला आता कुलूप लावलंय, आणि तिथली माणसं त्याला ‘लातूरवाले चाचा का ताला’ म्हणतात.

हिनं एवढं जपून कोरं वाण दिलं, तरी नाव शेवटी माझंच निघालं!