मॅग्नेटारला दोन मिनिटं

सत्कार हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं.

पुण्याला पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती आणि बाबा हो म्हणत नव्हते. अमरावतीजवळ वलगावला आमचा भाजीचा मळा. "आधी अकोल्यात तू काय बोलतं ते आयकतो, मंग पाहू," एवढंच म्हणाले. अकोल्याच्या एका कॉलेजात विज्ञान दिनाला माझं पाऊण तासाचं भाषण होतं. मेथीचा बाजार सोडून बाबा माझ्यासोबत एसटीत बसले.

मंचावर सत्कार सुरू होते. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा, मांडववाल्याचासुद्धा. एकेकाला शाल, नारळ, आणि वर प्रत्येकाचे 'दोन शब्द'. मी घड्याळ बघत दातओठ खात होते. तेवढ्यात सूत्रसंचालकाला कळलं की वक्त्या मॅडमचे वडील समोर बसलेत. झालं! त्यांनाही वर बोलावलं. शाल, फोटो, टाळ्या. बाबा लाजत हसत होते. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू?

मग सूत्रसंचालकाने माईक माझ्या हातात दिला. "मॅडम, जेवण थंड होऊन राह्यलं. दोन मिनिटात आटपा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "ठीक आहे. दूरच्या आकाशातून रेडिओलहरींचा स्फोट येतो. टिकतो सेकंदाचा हजारावा भाग, पण तेवढ्यात सूर्याला द्यायला कित्येक दिवस लागतील एवढी ऊर्जा फेकतो. कुठून येतो, वर्षानुवर्षं कळत नव्हतं. मग आपल्याच आकाशगंगेतल्या एका मेलेल्या ताऱ्याने तसाच, जरा कमी ताकदीचा स्फोट केला आणि त्याच वेळी क्ष-किरणही फेकले. चोर रंगेहाथ सापडला. त्याला म्हणतात मॅग्नेटार. अमरावती आणि वलगाव मावतील एवढाच, पण चुंबकशक्ती भयंकर. सगळे स्फोट त्याचेच का, हे अजून माहीत नाही. तेच शोधायला मला पुण्याला जायचंय. त्याचं काम क्षणात उरकतं, आपल्याला नुसत्या सत्काराला दोन तास लागतात. जा, जेवून घ्या."

एकही टाळी वाजली नाही. मी न जेवता निघाले.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मूर्तिजापूर गेलं. मग बाबांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली.

"हे शाल त्याईनं तुह्याच टाइमातून देल्ली ना मले?"

"हो," मी फटकन म्हणाले.

त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "मंग तूच ठेव. पुण्याले लय थंडी असते म्हणतात."